स्ट्रॉबेरी किती एकर, भाजी किती? लागवडीआधी आलेल्या प्रश्नांना उत्तरे

"साहेब, गेल्या हंगामात एक एकर स्ट्रॉबेरी होती, दर बरा लागला. शेजारचं दोन एकर रान खंडाने मिळतंय. यंदा तिन्ही एकर स्ट्रॉबेरीच करू का?"

महाबळेश्वर-पाचगणीकडच्या खिंगर भागातून आलेला हा प्रश्न. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न भिलार, भोसे, मेटगुताडकडूनही आला आहे, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो.

आधी थेट सांगतो: तीन एकर नको. दीड एकरावर थांबा, उरलेल्यात भाजी घ्या. गेल्या वर्षीचा दर पाहून यंदाचे क्षेत्र ठरवायचे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. दर तुमच्या हातात नाही. मार्च-एप्रिलमधले पाणी आणि तोड्याला मिळणारी माणसे, ही दोन्ही मात्र तुम्हाला आजच मोजता येतात. क्षेत्र त्यावरूनच ठरवा.

पाण्याचे गणित सोपे आहे. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण चार हजार लिटर. डिसेंबरच्या थंडीत पीक थोडक्यात भागवते. मार्च सरता सरता मात्र भरल्या पिकाला मल्चिंग (वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद) असूनही रोजचे तीन-चार मिलिमीटर लागते, म्हणजे एकरी १२ ते १६ हजार लिटर. तीन एकराला रोज ४० हजाराच्या घरात पाणी हवे. महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाचगणीकडे येईपर्यंत तो कितीतरी उतरतो. पण दोन्हीकडे जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही आणि उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवतात. तेव्हा ऑक्टोबरात काठोकाठ भरलेली विहीर पाहून हिशेब करू नका. गेल्या एप्रिलमध्ये मोटर किती वेळ चालत होती आणि परत पाणी यायला किती वेळ लागत होता, ते घरात सगळ्यांना विचारा. त्या पाण्यात जेवढे बसेल तेवढेच तुमचे स्ट्रॉबेरीचे क्षेत्र.

आता माणसांचे. एकरी साधारण २२ हजार रोपे बसतात. बहर ऐन भरात असताना एक दिवसाआड तोडा करावा लागतो. एका तोड्याला झाडामागे सरासरी १० ग्रॅम धरा, म्हणजे साधारण दोन झाडांत मिळून एक फळ. तरीही एकराचे २२० किलो होतात. तीन एकरांचे ६६० किलो. हे सगळे दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आत तोडायचे, देठ नखाने खुडून, फळ न ओढता, आणि त्याच सकाळी निवडून पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत, भरायचे. वाशी किंवा पुण्याला जाणारे फळ पाऊण लाल झाले की काढावे लागते. रस्त्याच्या स्टॉलवर विकायचे असेल तर पूर्ण पिकलेले चालते. म्हणजे तोडणाऱ्या बाईची नजर तयार हवी, नुसते हात असून भागत नाही. एक तोडा चुकला की पिकलेली फळे वाफ्यावर सडतात, त्यांवर करडी बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या फळांवर जाते. पुढच्या तोड्यातला निम्मा माल मग प्रक्रियेच्या, म्हणजे जॅम-सरबतवाल्यांच्या पडत्या दराने द्यावा लागतो. तीन एकर लावून दीड एकराचे पैसे घेतलेले बागायतदार याच तालुक्यात आहेत.

खंडाच्या रानाबद्दल एक गोष्ट प्रश्नात आलेली नाही: तिथे आधी काय होते? बटाटा, टोमॅटो, मिरची किंवा वांगे असेल तर यंदा तिथे स्ट्रॉबेरी लावूच नका. मर रोगाची बुरशी या पिकांवरून जमिनीत राहते आणि स्ट्रॉबेरीलाही धरते. स्ट्रॉबेरीवर स्ट्रॉबेरी घेण्याचेही तेच. त्या रानात घेवडा, वाटाणा किंवा गाजर घ्या, पुढच्या पावसाळ्यात ताग गाडा, मग विचार करा.

भाजीत माझी पहिली पसंती फरसबीला. ४५ ते ६० दिवसांत तोडे सुरू होतात, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते आणि स्ट्रॉबेरीचा पहिला पैसा हाती येण्याआधी घरखर्च भागतो. बुटक्या जातीचे बी एकरी २५ ते ३० किलो लागते. पण फरसबीला हिमकण सोसत नाहीत. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात डिसेंबर-जानेवारीत दव गोठते, तिथल्यांनी तिचा शेवटचा तोडा डिसेंबरच्या आत येईल असे पेरावे. थंडीच्या त्या पट्ट्यात वाटाणा बरा, तो गारठा मानवून घेतो. फक्त फुलोऱ्यात कडाका सापडू देऊ नका.

गाजराला थंडी हवीच, १५ ते २० अंशांत रंग आणि गोडी दोन्ही भरतात. त्यासाठी ताजे शेणखत टाकू नका, मुळे फाटून दोन-तीन शेंड्यांची गाजरे निघतात आणि बाजारात कोणी हात लावत नाही. बी एकरी दोन-अडीच किलो, पण सगळे एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी तुकड्या-तुकड्याने पेरा. ब्रोकोली आणि लाल कोबी हॉटेलवाले घेतात, म्हणून मोह होतो. ते पाच-दहा गुंठेच ठेवा आणि रोप लावण्याआधी घेणारा नक्की करा. ब्रोकोलीचा गड्डा कापल्यावर दांडा आतून पोकळ, तपकिरी निघाला तर बहुतेक वेळा बोरॉन कमी पडलेले असते.

दुसरा मोठा प्रश्न लागवडीच्या तारखेचा. "रोपवाटिकेवाला म्हणतो रोपं तयार आहेत, घेऊन जा. पाऊस अजून थांबलेला नाही. काय करावं?"

थांबा. आपल्या भागात २० सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा लागवडीचा चांगला काळ. मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो. त्याआधी उघडीप मिळाली, वाफसा आला (माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली) आणि गादीवाफ्यात पाणी तुंबत नसेल तर लावा. चिखलात लावलेल्या रोपाच्या गाभ्यावर, म्हणजे पाने जिथून फुटतात त्या जाड बुडख्यावर, मातीचे शिंतोडे बसतात आणि तिथूनच कूज सुरू होते. उलट लागवड नोव्हेंबरवर गेली तर थंडी पडेपर्यंत झाडाला पाने फुटत नाहीत, झाड खुजे राहते आणि नाताळच्या गर्दीचा दर हातचा जातो.

रोपे घेताना एक परीक्षा करा. प्रत्येक लॉटमधली पाच-सहा रोपे उपटून गाभा उभा चिरा. आतून पांढरा, करकरीत असेल तर रोप चांगले. तांबूस-तपकिरी रेषा किंवा डाग दिसले तर तो लॉट परत करा. रोपवाटिकेवाला कितीही ओळखीचा असला तरी. वाईच्या खालच्या भागात पावसाळाभर वाढवलेली रोपे वर आणली जातात. दमट हवेत कुजीचे रोग रोपातच लपलेले असू शकतात, वरून पाने हिरवीगार दिसतात. रोग दिसतो तो लागवडीनंतर महिन्याभराने, जेव्हा भर उन्हात एखादे झाड मान टाकते.

लावताना गाभा मातीच्या बरोबर पातळीला हवा. खोल गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळे उघडी पडून वाळतात. मजूर घाईत असतात, तेव्हा पहिल्या दोन वाफ्यांवर स्वतः उभे राहा. पहिले तीन-चार आठवडे येणारी फुले आणि रनर (जमिनीवर पसरणारे लांब धुमारे) खुडून टाका. फुले खुडताना जीव तुटतो हे मला माहीत आहे, पण छोट्या झाडावरची ती चार फळे पुढचा पूर्ण बहर हलका करतात.

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारले आहे की महाबळेश्वरसारखेच सगळे केले तरी त्यांच्याकडे हंगाम फेब्रुवारीतच का संपतो.

ताई, तुमच्या कामात खोट नाही, उंचीचा फरक आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तुमची उंची बरीच कमी. आपण लावतो त्या बहुतेक जाती दिवस बारा तासांपेक्षा लहान झाला आणि रात्री गार पडल्या की फूल धरतात. दिवस सगळीकडे सारखाच लहान होतो, पण तुमच्याकडे रात्री गार व्हायला उशीर लागतो आणि ऊन लवकर तापते. दिवसाचे तापमान ३० अंशांच्या वर जाऊ लागले की झाड फळ सोडून रनर काढू लागते. म्हणून तुम्ही विंटर डॉन किंवा स्वीट चार्लीसारख्या लवकर येणाऱ्या जाती घ्या, कॅमारोसाच्या नादी लागू नका. लागवड ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा, मल्चिंगचा चंदेरी भाग वर ठेवा. आणि क्षेत्र दहा-वीस गुंठ्यांच्या पुढे नेऊ नका. सापुताऱ्याच्या रस्त्यावर ताजे फळ विकणे हीच तुमची खरी बाजारपेठ. तो माल वाशीला पाठवायचा तर महाबळेश्वरच्या मालाशी भाडे आणि टिकाऊपणा दोन्हीत झुंजावे लागेल. चिखलदरा आणि तोरणमाळची उंची तुमच्यापेक्षा जास्त, त्यांचे वेळापत्रक वेगळे पडते. तिथले व्हिडिओ पाहून तारखा ठरवू नका.

अवकाळी गावच्या एका बागायतदाराने फोटो पाठवले आहेत: फळे वाकडी, एका बाजूला फुगलेली, दुसरीकडे बिया दाटीने चिकटलेल्या. हे औषधाने सुधारणार नाही. स्ट्रॉबेरीच्या अंगावरच्या प्रत्येक बारीक दाण्याला परागकण मिळावा लागतो. जिथे मिळत नाही, तिथला गर भरत नाही. फोटोतल्या बागेवर सकाळी आठ वाजता फवारणी चालली होती, असे पत्रातच लिहिले आहे. त्याच वेळी मधमाश्या फुलांवर येतात. फवारणी करायचीच तर संध्याकाळी करा आणि एकरी दोन-तीन सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवा. मधाचे गाव म्हणून ओळखले जाणारे मांघर तुमच्याच तालुक्यात आहे, पेट्यांसाठी लांब जायला नको. फुलाचा मधला भाग काळा पडला असेल तर ते मात्र गारठ्याने झालेले. त्या फुलाला फळ धरणारच नाही. रात्री आच्छादनाचे कापड घालणे किंवा दव गोठण्याआधी तुषार सिंचन सुरू करून ऊन लागेपर्यंत चालू ठेवणे, एवढेच उपाय आहेत.

फवारणीचा विषय निघालाच आहे तर, लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला की लगेच तीव्र औषध मारू नका. एक दिवसाआड तोडा असताना सात दिवस प्रतीक्षेचे (फवारल्यावर तेवढे दिवस फळ तोडून विकायचे नाही असे) औषध मारले, तर तीन तोडे फेकून द्यावे लागतात. कोणी फेकत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. खाणारा लहान मुलगा असतो. कोळी वाढतो तो युरियाचा मारा आणि धुळीच्या रस्त्याकडेने. आधी नत्र कमी करा, कडेच्या पानांची खालची बाजू भिंगाने पाहा, प्रादुर्भावाची पाने काढून बागेबाहेर जाळा. तरीही आवरला नाही तर स्ट्रॉबेरीसाठी लेबल असलेलेच औषध घ्या, आणि त्यावरचे प्रतीक्षेचे दिवस दुकानदाराला न विचारता स्वतः वाचा.

ब्लूबेरीबद्दल माळशिरस आणि बारामतीकडून विचारणा आली आहे, "दोन एकर करावी का?" करू नये. ब्लूबेरीला जमिनीचा सामू (pH) साडेचार ते साडेपाच लागतो. तुमच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा आठ असतो आणि पाणीही क्षारयुक्त. कोकोपीट भरलेल्या कुंड्यांत, आम्ल मिसळलेल्या पाण्यावर, कमी थंडीच्या जाती वाढवता येतात, पण तो खर्च शेतीचा राहत नाही, कारखान्याचा होतो. हौस असेल तर वीस कुंड्या लावा आणि दोन वर्षे पाहा.

शेवटी कागदाचे. लागवड झाली की ई-पीक पाहणीत स्ट्रॉबेरी स्ट्रॉबेरी म्हणूनच नोंदवा, भाजी वेगळी, गुंठ्यासकट. दरवर्षी कितीतरी सातबाऱ्यांवर नुसते 'भाजीपाला' असते आणि जानेवारीत अवकाळी पाऊस आला की पंचनाम्यात काय लिहायचे, हा प्रश्न तलाठ्यापुढे येतो. खंडाने घेतलेल्या रानाची नोंद मूळ मालकाच्या खात्यावर होते, तेव्हा करार कागदावर करा. हवामान आधारित फळपीक विम्यात स्ट्रॉबेरी आहे, पण अर्जाची मुदत नेमकी लागवडीच्या धामधुमीत संपते. यंदाची तारीख सेवा केंद्रात आताच विचारून ठेवा. माती आणि पाण्याचे नमुने तपासणीसाठी ज्यांनी अजून दिलेले नाहीत, त्यांनी गादीवाफे ओढायच्या आधी आणून द्यावेत. पाण्याचा नमुना विहिरीतून वरवर न घेता मोटर दहा मिनिटे चालवून घ्या.