वाचकांचे प्रश्न : जानेवारीत दादाचा मेडिकेअरचा हप्ता एवढा कसा वाढला?

प्रश्न : माझा मोठा भाऊ आणि वहिनी, दोघंही सत्तरीच्या पुढचे, सगळी नोकरी न्यू जर्सीत झाली. २०२४ च्या शेवटी दादाने नोकरी सोडली, तिथलं घर विकलं, ४०१-के मधनं (नोकरीतल्या निवृत्तीच्या बचतीतनं) पण बरीच रक्कम काढली आणि दोघं कायमचे ठाण्याला आले, घोडबंदर रोडला फ्लॅट घेतलाय. गेल्या वर्षी त्यांच्या सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनमधून, मेडिकेअरच्या (तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) पार्ट बी चे प्रत्येकी १८५ डॉलर कापले जायचे, या जानेवारीपासून एकदम २८४.१० कापतायत. बातमीत तर २०२६ चा हप्ता २०२.९० आहे असं वाचलं होतं. दादा म्हणतो इथे बसून त्याचा काय उपयोग, बंदच करून टाकतो. काय करावं?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी दादांना सांगा की वैतागून लगेच फॉर्म भरू नका. तुम्ही बातमीत वाचलं ते बरोबर आहे आणि त्यांचे कापले गेले तेही बहुतेक बरोबरच आहेत, कारण ही दोन वेगळी कारणं एकाच महिन्यात येऊन पडलीयेत.

पहिलं कारण सगळ्यांनाच लागू आहे. पार्ट बी म्हणजे डॉक्टरची फी, तपासण्या, अॅडमिट न होता घेतलेले उपचार. त्याच्या अंदाजे खर्चाचा साधारण पाव हिस्सा सभासदांच्या हप्त्यातून यावा असा तिथला नियम आहे, बाकीचा मुख्यतः सरकार घालतं. त्यामुळे खर्च वाढला की हप्ता वाढणारच, दरवर्षी शरद ऋतूत नवा आकडा जाहीर होतो आणि जानेवारीपासून लागू होतो. २०२४ ला १७४.७०, २०२५ ला १८५, २०२६ ला २०२.९०. वर्षाला स्वतःच्या खिशातून आधी भरायची रक्कम पण २५७ वरून २८३ डॉलर झाली. पेन्शनमधली महागाईवाढ यंदा २.८ टक्के होती, तिचा बराच भाग यातच जातो, ही तक्रार तिथले सगळेच ज्येष्ठ करतायत आणि ती खरीच आहे.

दुसरं कारण दादांचं स्वतःचं. जास्त उत्पन्नवाल्यांना जादा रक्कम लागते, तिला तिकडे इर्मा म्हणतात, आणि ती ठरते दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवरून. म्हणजे २०२६ साठी बघितलं गेलं २०२४ चं रिटर्न, ज्यात पगार होता, घराचा करपात्र नफा होता आणि ४०१-के ची रक्कमही होती. नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नमध्ये २,१८,००० डॉलरच्या वर गेलं की पहिली पायरी, आणि तिचा हप्ता बरोबर २८४.१०, तोही दोघांना प्रत्येकी.

आता चांगली बातमी. २०२७ चा हप्ता २०२५ च्या रिटर्नवरून ठरेल, तेव्हा उत्पन्न कमी असेल तर ही जादा रक्कम आपोआप जाईल. शिवाय नोकरी सोडल्यामुळे उत्पन्न घटलं असेल तर एसएसए-४४ नावाचा फॉर्म भरून आत्ताच कमी करायची विनंती करता येते. फक्त घर विकलं किंवा पैसे काढले एवढं कारण चालत नाही, नोकरी सुटणं चालतं, म्हणून फॉर्ममध्ये नोकरीचंच लिहा आणि कागद जोडा.

बंद करायचं का, हा खरा प्रश्न. मेडिकेअर भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही, एवढं दादांचं म्हणणं अगदी बरोबर. पण पार्ट बी सोडून नंतर परत घ्यायची झाली तर बाहेर काढलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १० टक्के दंड हप्त्यात जोडला जातो आणि साधारणपणे तो पार्ट बी असेपर्यंत भरावा लागतो. चार वर्षांनी परत गेले तर ४० टक्के जास्त, आणि तो त्या त्या वर्षीच्या हप्त्यावर मोजतात, म्हणजे दंडही दरवर्षी फुगतो. परत नाव घालायला मुदतही साधारण जानेवारी ते मार्चच.

माझं स्पष्ट मत असं, की आधी इथली पॉलिसी घ्या मग तिथली सोडा. आपल्याकडे आता वयाची वरची अट काढलीये, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. बीपी, शुगर, गुडघे, जे काही असेल ते प्रपोजल फॉर्ममध्ये लिहायचंच, लपवायचं नाही. ती मुदत संपेपर्यंत मोठं काही निघालं तर विमानात बसून तिकडे जाता येईल एवढी सोय हातात राहूदे, जादा रक्कम सोडली तरी वर्षाचे जवळपास २,४३५ डॉलर प्रत्येकी जास्त वाटतात पण या वयात मधली दोन-तीन वर्षं बिनछपराची नकोत. मुलं तिकडेच असतील तर मी तरी सोडणार नाही. पार्ट ए ला (हॉस्पिटलात अॅडमिट झाल्यावरचं कव्हर) बहुतेकांना हप्ता नसतो, तो मात्र राहूच द्या.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, नेरुळला राहतात. आयुष्मान वय वंदना कार्डाला दरवर्षी किती भरावे लागतात? त्यांची खासगी पॉलिसीही आहे.
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : काहीच नाही. ७० पूर्ण असले की उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांचं कव्हर मिळतं, घरात दोघं सत्तरीपुढचे असतील तर तेच ५ लाख दोघांत. आधार लागतं, खासगी पॉलिसी असली तरी चालतं, पण सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची योजना) असेल तर एकच निवडावं लागतं. अॅडमिट झाल्यावरच उपयोग होतो, नुसत्या ओपीडीला नाही. घराजवळचं कोणतं हॉस्पिटल योजनेत आहे ते १४५५५ वर आत्ताच विचारून ठेवा.

खासगी पॉलिसी मात्र सोडू नका. ६० वर्षांपुढच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा नियामकाशी, बोलावं लागतं, जानेवारी २०२५ पासूनचा नियम आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटीही गेलाय. रिन्युअलच्या नोटिशीत या दोन्ही गोष्टी तपासा, आकडा जुळत नसेल तर कंपनीकडे लेखी विचारा.