केकवरचा निळा, बॅक्टेरियाचा रंग आणि व्हेजचा प्रश्न

प्रश्न: मी ऐरोलीत घरून केक करून विकते. हल्ली बारशाच्या, पहिल्या वाढदिवसाच्या ऑर्डरी येतात त्यात आया सरळ सांगतात, ताई केमिकलवाला ब्लू नको, नॅचरलच घाला. मी गोकर्णाच्या फुलांचं पाणी काढून बघितलं, क्रीममध्ये छान दिसतं पण लेमन फिलिंगला लागलं की जांभळं. आता मिस्टर म्हणतात बॅक्टेरियाकडूनपण नॅचरल रंग बनवून घेतात. खरंय का? आणि तो घातला तर केक व्हेज ना? माझे बरेच कस्टमर जैन आहेत.

उत्तर: ताई, मिस्टरांचं खरंय, आणि हे काही कालपरवाचं नाहीये. डांबरगोळ्यांमधलं नॅप्थलीन पचवणाऱ्या एका बॅक्टेरियाचे जीन १९८३ साली ई. कोलाय नावाच्या दुसऱ्या बॅक्टेरियात घातले तर तो चक्क निळा पडायला लागला, कारण त्या जीनमुळे तयार झालेल्या एन्झाइमने, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाने, पेशीतल्या इंडोल नावाच्या पदार्थापासून इंडिगो, म्हणजे आपल्या जीन्सची नीळ, बनवली. आजही साधारण तसंच करतात, रंग बनवणारी एन्झाइम्स शोधायची, त्यांचे जीन यीस्टमध्ये नाहीतर बॅक्टेरियात घालायचे, टाकीत साखर खायला द्यायची आणि शेवटी पेशी बाजूला काढून रंग शुद्ध करायचा.

व्हेजचं म्हणाल तर हिरव्या ठिपक्याचं पिझ्झा चीज तुम्ही वापरतच असाल, त्यातलं दूध फाडणारं एन्झाइम बऱ्याचदा असंच सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं असतं. खरी भानगड लाल रंगात आहे. कार्माइन, पाकिटावर ई१२० लिहितात तो, कोचिनील नावाच्या किड्यांपासून येतो. त्यातलं कार्मिनिक ॲसिड २०२१ मध्ये कोरियातल्या शास्त्रज्ञांनी ई. कोलायकडून साखरेपासून बनवून घेतलं, पण मिळालं किती, तर लिटरला एक मिलिग्रॅमसुद्धा नाही, त्यामुळे दुकानातला कार्माइन अजून किड्याचाच समजा. जैन कस्टमरला मात्र बॅक्टेरियाचा रंग आहे हे आधीच सांगा, चालतो की नाही ते त्यांनी ठरवायचं, आपण परस्पर नाही.

आता निळा. गोकर्णाचा रंग अँथोसायनिन नावाच्या, फुलाफळांत असणाऱ्या रंगद्रव्यांच्या गटातला, आणि या मंडळींना आंबट लागलं की ती रंग बदलणारच, त्यात तुमचं काही चुकत नाही. लाल कोबीत एक अँथोसायनिन असं आहे की ते ॲल्युमिनियमबरोबर जोडी जमवून अगदी ब्रिलियंट ब्लू या कृत्रिम रंगासारखा निळा देतं, पण कोबीत ते फारच थोडं. मग कोबीतल्या बाकीच्या अँथोसायनिन्सचा नको तो तुकडा तोडून त्यांचंही तेच बनवेल असं एन्झाइम संशोधकांनी डेटाबेसमधून हुडकून, थोडं बदलून तयार केलं, २०२१ मध्ये ते छापूनही आलं. मला स्वतःला हे काम फार आवडतं. पण तो निळाही आंबट नसलेल्या पदार्थातच नीट टिकतो, म्हणजे तुमच्या लेमनपुढे तोही हात टेकणार!

स्पिरुलिना नावाच्या शेवाळाचा निळा उष्णतेत आणि आंबटात उतरतो, उन्हातपण फिका पडतो. गरम, आम्लधर्मी झऱ्यांमध्ये वाढणारं गॅल्डिएरिया नावाचं शेवाळ आहे, त्याचा निळा आंबटात जास्त तग धरतो, अमेरिकेत २०२५ मध्ये त्याला परवानगी मिळाली.

आणि हो, २०१७ मध्ये तळोज्यात निळी झालेली कुत्री आठवून आया घाबरत असतील तर ते कारखान्याच्या सांडपाण्याचं प्रकरण होतं. ब्रिलियंट ब्लू हा आपल्याकडे ठरावीक मर्यादेत परवानगी असलेला खायचा रंग आहे.

तुम्ही तूर्तास गोकर्ण किंवा स्पिरुलिना फक्त बाहेरच्या बटरक्रीममध्ये घाला आणि लेमनच्या थराला मध्ये व्हाइट चॉकलेटचा पातळ हात देऊन वेगळं ठेवा. स्पंजमध्ये घालूच नका, बेकिंग सोडा आणि बटरचा पिवळेपणा मिळून तो हिरवट दिसतो. बटरक्रीमसाठीही शक्य तितकं पांढरं बटर बघून घ्या.