फ्रेंच गाणी जमवायचीत? आधी ईपी घे

अरे, एलपीच्या, म्हणजे मोठ्या बारा इंची रेकॉर्डच्या मागे लगेच लागू नकोस. साठच्या दशकात फ्रान्समध्ये खरी धमाल ईपीचीच होती, सात इंची रेकॉर्ड, चार गाणी आणि वर गायिकेचा झकास फोटो. फ्रान्स्वाज आर्दी या गायिकेपासून सुरू कर, तिची व्होग या रेकॉर्ड कंपनीची १९६२ ची पहिली ईपी तुफान खपली होती त्यामुळे जुन्या बाजारात अजूनही सापडते, आणि तो आवाज, काय सांगू, एकदा ऐकलास की सुटत नाही बघ! घेताना रेकॉर्ड उजेडात तिरकी धर, बारीक रेघा चालतील पण नखाला लागणारा ओरखडा नको, तिथे सुई उडते. मधलं भोक बहुतेक मोठं असतं, त्यात बसणारी चकती, म्हणजे अडॅप्टर, आधीच घेऊन ठेव. मग पोल्नारेफ, जो दासँ हे गायक सावकाश.