मामा रोज पाळीला निघतात

ताई,

तुमचे सासरे, म्हणजे मामा, बहात्तर वर्षांचे. चाळीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. दिवेलागणीला चप्पल घालून दाराशी उभे राहतात, ‘पाळीला जायचंय’ म्हणतात. मिस्टर ओरडतात, ‘बाबा, कारखाना कधीच बंद पडला!’ मग मामा जेवत नाहीत. घरचे म्हणतात वय झालं, आणि तुम्ही विचारताय, काही करता येईल का?

येईल. आधी ते ओरडणं थांबवा. कारखाना बंद पडल्याची बातमी मामांना रोज नव्यानं कळते आणि रोज नव्यानं लागते. ‘आज कुठली पाळी, मामा?’ असं विचारा. माग कसा लावायचे, चादरी विणायचे की टॉवेल, बोलू द्या त्यांना. डिमेन्शियात, म्हणजे विसरण्याच्या आजारात, संध्याकाळी घालमेल वाढते, म्हणून अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. धुतलेले टॉवेल घडी घालायला द्या. त्या हातांना ते काम अजून येत असेल. खिशात फोन नंबरची चिठ्ठी असू द्या.

‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ जीवनसत्त्व किंवा थायरॉईड कमी असलं तरी विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे. एकाएकी बिघडले, तर लघवीचा संसर्ग झालाय का तेही बघायला हवं.

पत्रात शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, ‘ऐकायलाही कमी येतं.’ मी तिथंच अडले. मागांच्या खटखटाटात चाळीस वर्षं! ऐकू येईना की माणूस बोलणं टाळतो, एकटा पडतो, मेंदूचा व्यायाम थांबतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत; ती सगळी आवरली तर जवळपास ४५ टक्के आजार टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज. मध्यम वयातलं बहिरेपण त्यातलं एक मोठं कारण. कानाच्या यंत्रानं मामांची गेलेली आठवण परत येणार नाही, पण तुमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचेल.

मिस्टरही मागावरच आहेत, पंचेचाळिशीचे, शुगर आहे, तंबाखू आहे. शुगर त्या यादीत आहे, आणि तंबाखू ओढणंही. त्यांच्या हातात अजून वेळ आहे, कानात बोळे घालायलासुद्धा.

रात्रीचं जागरण तुम्ही एकट्या काढताय. नणंदबाईंकडे पैसे नको, आठवड्यातून दोन रात्री मागा, स्पष्ट शब्दांत.

सोमवारी सिव्हिलला मामांना नेताना मिस्टरांनाही सोबत न्या. दोघांचेही कान तपासून घ्या.