सिंगापूरच्या तोफा खरोखरच चुकीच्या दिशेला रोखलेल्या होत्या का? आज त्या पाहायला मिळतात का?

आपला प्रश्न दुहेरी आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, तोफांची तोंडे समुद्राकडे होती आणि जपानी सैन्य मागल्या बाजूने आले म्हणून सिंगापूर पडले, ही गोष्ट खरी का; आणि तिथे आता पाहण्यासारखे काय आहे. सिंगापुरात राहत असल्यामुळे ही ठिकाणे मी पाहिलेली आहेत, म्हणून आधी अवशेषांबद्दल लिहितो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच बऱ्यापैकी मिळते.

मूळ जड तोफा पाहायला मिळतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका. जंजिऱ्यावर कलालबांगडी जशी उघड्यावर, हात लावून पाहता येईल अशी पडून आहे, तसे इथे नाही. बेटाच्या किनारी संरक्षणात 15 इंची (म्हणजे नळीचा आतला व्यास 15 इंच) पाच, 9.2 इंची सहा आणि 6 इंची अठरा, अशा एकूण 29 मोठ्या तोफा होत्या. शरणागतीपूर्वी इंग्रजांनी त्यांतील बऱ्याचशा स्वतःच सुरुंग लावून निकामी केल्या, आणि युद्धानंतर उरलेसुरले लोखंड भंगारात गेले. टिकले ते काँक्रीट.

सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे चांगी भागातील जोहोर बॅटरी (बॅटरी म्हणजे एकत्र मांडलेल्या तोफांचा मोर्चा). सिंगापूरलगतच्या जोहोर संस्थानाचे सुलतान इब्राहिम यांनी राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 1935 साली पाच लाख पौंड दिले, त्यावरून हे नाव पडले. येथे 15 इंची तीन तोफा होत्या. एकेका गोळ्याचे वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास आणि पल्ला तीस किलोमीटरहून अधिक, म्हणजे मूळच्या युद्धनौकेवरच्या तोफा जमिनीवर आणून बसवल्यासारखा हा प्रकार होता. युद्धानंतर ही जागा विस्मरणात गेली. 1991 मध्ये तुरुंग विभागाच्या हद्दीत तिचा पुन्हा शोध लागला आणि 15 फेब्रुवारी 2002 रोजी ती लोकांसाठी खुली झाली. तिथे दिसणारी तोफ ही प्रतिकृती आहे. खालचे दारूगोळ्याचे भुयारी कोठार पाहता येत नाही. काही जण निराश होऊन परततात हे खरे, पण मला तिथे ठेवलेली गोळ्याची प्रतिकृती तोफेपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण सगळा घोळ तोफेच्या दिशेचा नसून गोळ्याचा होता.

या तोफा मध्यवर्ती बैठकीवर फिरत असत. त्यांतील बऱ्याच जमिनीकडे वळवता येत होत्या आणि प्रत्यक्षात वळवल्याही गेल्या. जोहोर बॅटरीने सामुद्रधुनीपलीकडील जोहोर बारू या शहरावर आणि नंतर बेटावरील जपानी फौजांवरही मारा केला. बुओना व्हिस्टा येथील दोन 15 इंची तोफांना मात्र वायव्येकडील चढाईवर मारा करता आला नाही, आणि दंतकथेला खरा आधार असलाच तर तो एवढाच. पण वळवता आलेल्या तोफांचाही फारसा उपयोग झाला नाही. त्यांना दिलेले गोळे बहुतांशी चिलखतभेदी होते. असा गोळा जहाजाचे जाड पोलाद फोडून आत गेल्यावर फुटावा यासाठी बनवलेला असतो. त्यात स्फोटक दारू कमी आणि पोलाद जास्त असते. तो रबराच्या मळ्यातील मऊ मातीवर पडला, की खोल रुतून बसतो आणि पायदळाचे फार नुकसान होत नाही. पायदळासाठी पडताक्षणी फुटणारे स्फोटक गोळे लागतात, ते 9.2 इंची व 6 इंची तोफांजवळ मोजकेच होते आणि 15 इंची तोफांजवळ जवळपास नव्हतेच. शिवाय झाडीतले लक्ष्य तोफेजवळून दिसत नाही, ते दाखवणारा निरीक्षक पुढे असावा लागतो, आणि ती व्यवस्था जहाजांसाठी उभारलेली होती.

माझ्या मते तोफांनी आपले मूळ काम केलेच. सेंबावांगच्या नौदल तळावर समुद्रातून थेट चाल करणे त्यांच्यामुळे महाग झाले असते. जपान्यांनी तो मार्ग टाळला. 8 डिसेंबर 1941 रोजी ते मलायाच्या (आजच्या द्वीपकल्पीय मलेशियाच्या) उत्तर भागात कोटा बारू येथे उतरले, द्वीपकल्प पायाखाली घालत खाली आले आणि 8 फेब्रुवारी 1942 च्या रात्री सामुद्रधुनी ओलांडून वायव्य किनाऱ्यावर चढले. आठवडाभरात, 15 फेब्रुवारीला, बुकिट तिमाह येथील फोर्ड कारखान्यात ब्रिटिश सेनापती पर्सिव्हल यांनी जपानी सेनापती यामाशितांपुढे शरणागती पत्करली. मलाया राखण्यात जे अपयश आले त्याचे खापर तोफांवर फोडणे सोयीचे होते, म्हणून ही गोष्ट इतकी टिकली असावी.

दक्षिणेकडील सेंटोसा बेटावरील फोर्ट सिलोसो हा किल्ला सर्वांत चांगला जपलेला आहे. 2022 मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. इथल्या बऱ्याच तोफा अन्य ठिकाणांहून आणून मांडलेल्या आहेत, हे लक्षात ठेवूनच त्या पाहाव्यात. कोठारे व भुयारे मात्र मूळची आहेत. याच किल्ल्यातील तोफांनी पुलाउ बुकोम बेटावरील तेलसाठ्यांवर मारा केला, तेल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून.

वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर मी लॅब्राडॉर पार्क सुचवीन. सर्कल लाइनवरील याच नावाच्या स्थानकापासून चालत जाता येते. टेकडीवर 6 इंची तोफांच्या बॅटरीचे चौथरे झाडीत उभे आहेत आणि खाली किनाऱ्यालगत मशिनगनची एक चौकी आहे. चौथऱ्याच्या मधोमध उभे राहून चहूकडे पाहा: समोर जहाजांचा मार्ग आहे, आणि मागे शहर. बैठक गोल का ठेवली असेल आणि काँक्रीटची भिंत नेमकी कोणत्या बाजूला उंच आहे, एवढे निरखले तरी तोफ किती वळू शकली असती याचा अंदाज येतो.

टेकाँग बेटावरील 9.2 इंची तोफांची जागा लष्करी प्रशिक्षणाच्या हद्दीत आहे, तिथे सामान्य माणसाला जाता येत नाही. सेंटोसावरील फोर्ट कॉनॉटच्या जागी आता गोल्फचे मैदान आहे, त्यामुळे 9.2 इंची तोफांसाठी वेगळी फेरी मारण्यात अर्थ नाही.