निर्यात सल्ल्याची सरकारी नोकरी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : सरकारी निर्यात सल्लागार म्हणजे परदेशी प्रदर्शनांत स्टॉल लावून देणारा अधिकारी, अशी माझी समजूत आहे. या पदासाठी प्रयत्न करावा का, असा विचार चालू आहे. दिवसभर नेमकं काम काय असतं?

उत्तर : प्रदर्शनं लोकांना दिसतात, म्हणून तीच लक्षात राहतात. खरं काम टेबलावर चालतं. एखादा उद्योजक येऊन म्हणतो, 'मला निर्यात सुरू करायची आहे.' मग त्याच्या मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठीचा मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, ठरवायचा, तो माल कोणते देश आयात करतात ते आकड्यांत पाहायचं, तिथलं आयातशुल्क, मानकं आणि लेबलचे नियम शोधायचे, भाव टिकेल का याचा हिशेब मांडायचा. त्यानंतर ग्राहक शोधायला आणि तो खरा आहे का हे पडताळायला मदत करायची. दूतावासातल्या वाणिज्य अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार तर रोजचाच. सौदा ठरवणं, पैशांची हमी देणं, एकाच फ्रेट फॉरवर्डरचं, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्याचं, नाव पुढे करणं ही मात्र या पदाची कामं नाहीत. नावं द्यायचीच तर तीन-चार द्यावीत, निवड उद्योजकानं करावी. आणि 'अजून तुमची तयारी झालेली नाही' हे वेळेत सांगणं हा या नोकरीतला सर्वांत उपयोगी सल्ला आहे, असं आम्हांला मनापासून वाटतं. कागदावर सापडलेली चूक खोडरबरानं पुसता येते. तीच चूक परक्या बंदरात सापडली की रोजचं भाडं चढत जातं.

प्रश्न : पण तयारी झाली आहे की नाही, हे ओळखायचं कसं? माल चांगला असला की पुरेसं नाही का?

उत्तर : माल चांगला असणं ही सुरुवात. त्यापुढे पहिले दोन प्रश्न विचारावेत : सध्याचे ग्राहक सांभाळून महिन्याला जास्तीचे किती नग काढता येतील? आणि तीन महिने पैसे अडकले तर पगार होतील का? दुसरा प्रश्न ऐकून अनेकजण गडबडतात. माल बनवायला तीन आठवडे, समुद्रप्रवास पाच आठवडे आणि माल पोहोचल्यावर ३० दिवसांची उधारी धरली, तर ८६ दिवस होतात. कागदपत्रांत एक चूक झाली की त्यात आणखी भर.

त्यानंतर भावाची शिडी मांडावी. समजा, कारखान्याच्या दारात वस्तूची किंमत १०० आहे. वाहतूक आणि विमा धरून ती ११५ झाली. १० टक्के आयातशुल्क लागलं की १२६.५. आयातदारानं २५ टक्के चढवले की सुमारे १५८. दुकानदारानं त्यावर ५० टक्के घेतले की २३७. स्थानिक विक्रीकर अजून यायचाच आहे. आता त्या बाजारात तशाच वस्तूचा भाव २०० असेल, तर हिशेब उलटा, वरून खाली करावा आणि कारखान्याच्या दारात काय उरतं ते पाहावं. बहुतेक देश शुल्क वाहतूक आणि विमा धरलेल्या किमतीवर लावतात, पण अमेरिकेसारखे काही देश वाहतुकीआधीच्या किमतीवर लावतात. तेवढी शिडी बदलते. हा एक कागद न करता प्रदर्शनाला जाणं म्हणजे भाव न ठरवता दुकान उघडणं.

प्रश्न : देश निवडताना आकडेवारी कशी वाचावी? मी दोन ठिकाणचे आकडे पाहिले, ते जुळतच नाहीत.

उत्तर : न जुळणं स्वाभाविक आहे. निर्यात करणारा देश मालाची किंमत साधारणपणे एफओबी, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतची, नोंदवतो, आयात करणारा सीआयएफ, म्हणजे वाहतूक आणि विम्यासह. शिवाय रॉटरडॅम, सिंगापूर, दुबई अशा बंदरांतून माल पुढे जातो, आणि कधी कधी मधल्या देशाच्या नावावरच नोंदला जातो. तेव्हा तिथला मोठा आकडा म्हणजे तिथली मोठी मागणी, असं धरून चालू नका.

पण आकड्यांच्याही आधी कोड तपासा. एचएस कोडचे पहिले सहा अंक सर्व देशांत सारखे असतात. त्यापुढचे अंक प्रत्येक देश आपापल्या गरजेनुसार जोडतो. प्लास्टिकच्या बाटलीचंच पाहा. माल भरून पाठवायची बाटली ३९२३ मध्ये जाते, घरात वापरायची ३९२४ मध्ये. इथे चूक झाली तर शुल्क चुकतं, सवलतीचा नियम चुकतो, आकडेवारीही भलत्याच वस्तूची हाती येते. शंका असेल तर आयात करणाऱ्या देशाच्या कस्टम्सकडून आगाऊ लेखी निर्णय मागता येतो. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २०१७ मध्ये लागू झाला, त्यात सदस्य देशांवर हे बंधन आहे. ही सोय असताना फार थोडे लोक ती वापरतात, याची हळहळ वाटते.

कोड पक्का झाला की जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या 'ट्रेड मॅप'वर त्या देशाची पाच वर्षांची आयात पाहा. एकूण रकमेबरोबर किलोमागे किंवा नगामागे पडणारी सरासरी किंमतही पाहा. ती तुमच्या भावापेक्षा बरीच खाली असेल तर तो बाजार स्वस्त मालाचा आहे. एकाच देशाकडे ८० टक्के पुरवठा असेल तर त्याला शुल्कसवलत आहे का, ते शोधा. एक खाचखळगा : कोड १ जानेवारी २०२२ पासून सुधारले गेले आणि पुढची सुधारणा १ जानेवारी २०२८ पासून आहे. आलेखात अचानक घसरण दिसली, तर वस्तू दुसऱ्या कोडात गेली नाही ना, हे आधी बघा.

प्रश्न : आमचा माल वेळेत पोहोचला, ग्राहकाची तक्रार नाही, तरी बँकेनं एलसीची (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या कागदांवर पैसे द्यायची बँकेची हमी) कागदपत्रं नाकारली. निर्यात अधिकारी म्हणाले, 'यात आम्हांला काही करता येत नाही.' हे खरं का?

उत्तर : दुर्दैवानं खरं आहे. एलसीत बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते. बहुतेक एलसी यूसीपी ६०० या एलसीसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार निघतात. त्यांत बँकेला तपासणीसाठी कामकाजाचे पाच दिवस मिळतात. मूळ बिल ऑफ लेडिंग (वाहतूकदारानं दिलेली मालाची पावती) असेल तर माल चढवल्यापासून २१ दिवसांत, आणि एलसीची मुदत संपण्याआधी, कागद सादर करावे लागतात. इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे. विमा माल चढवल्यानंतरच्या तारखेपासून सुरू होत असेल, तर तो चालत नाही. विम्याच्या रकमेबद्दल एलसीत काही म्हटलं नसेल, तर ती सीआयएफ किंवा सीआयपी (यातही वाहतूक आणि विमा धरलेला असतो) किमतीच्या किमान ११० टक्के लागते. सध्या ग्राहकाला गाठून त्रुटी मान्य असल्याचं त्याच्या बँकेला कळवायला सांगा. पैसे मिळायचा तोच जवळचा मार्ग.

अधिकाऱ्याची खरी मदत होते ती एलसी हाती पडते त्या दिवशी. माल बनवायला घेण्याआधी एलसी आणि करार शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा : नावांचं स्पेलिंग, बंदर, शेवटची तारीख, टप्प्याटप्प्यानं माल पाठवायला परवानगी आहे का. 'ग्राहकाच्या प्रतिनिधीनं सही केलेलं तपासणी प्रमाणपत्र' अशी अट दिसली तर लगेच दुरुस्ती मागा. त्या एका सहीवर तुमचे सगळे पैसे अडकतात.

कंटेनरनं माल पाठवताना एफओबी लिहायची सवयही सोडावी. कंटेनर तुम्ही टर्मिनलवर देता, पण एफओबीत जोखीम माल जहाजावर चढेपर्यंत तुमचीच राहते. यार्डात नुकसान झालं तर ते तुमच्या अंगावर. अशा वेळी एफसीए योग्य, म्हणजे माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तुमची जोखीम संपते. बँकेला 'माल चढवला' अशी नोंद असलेलं बिल ऑफ लेडिंग लागत असेल, तर ग्राहकानं वाहतूकदाराला तशी सूचना द्यावी असं करारात ठरवता येतं. एफओबी, एफसीए अशा अटींचे अर्थ ठरवणाऱ्या इन्कोटर्म्स २०२० या नियमांत ती तरतूद आहे.

प्रश्न : आमच्या मालात लाकूड नाही. मग लाकडाच्या नियमामुळे खेप का अडली?

उत्तर : पॅलेटमुळे, म्हणजे माल ज्यावर रचतात त्या लाकडी तळामुळे. आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पॅकिंगचं कच्चं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं, किंवा मान्य पद्धतीनं धुरी दिलेलं, आणि तसा शिक्का मारलेलं लागतं. लाकूड वाळलेलं असणं वेगळं, तापवलेलं असणं वेगळं. प्लायवूडला हा नियम नाही. कंटेनर बंद करण्याआधी शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा.

प्रश्न : या नोकरीसाठी काय शिकावं?

उत्तर : वाणिज्य, अर्थशास्त्र, अभियांत्रिकी, कुठलीही पार्श्वभूमी चालते. हिशेब यायला हवा, आणि कंटाळवाणा मजकूर शेवटपर्यंत वाचायची चिकाटी हवी. आजच सुरुवात करायची तर घरातल्या दहा वस्तू घ्या आणि त्यांचा सहा अंकी कोड शोधा. कोडाचं शीर्षक वाचून थांबू नका. कोडांच्या यादीतल्या त्या प्रकरणाच्या सुरुवातीच्या टिपा वाचा. तुमची वस्तू तिथे वगळलेली असू शकते.