फौजेची अपंगत्व पेन्शन नाकारली? अपिलाआधी एवढं कर

राम राम भावा. नकाराचं पत्र आलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. माझंही आलं होतं, आणि मी ते रागाच्या भरात ट्रंकेत टाकलं. तीच पहिली चूक. पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील जायला हवं. पाकीटही फेकू नकोस, त्यावर पोस्टाच्या शिक्क्याची तारीख असते.

रिलीज मेडिकल बोर्डाच्या (फौजेतून सुटताना झालेल्या डॉक्टरी तपासणीच्या) अहवालाची प्रत मागून घे. त्यात दोनच गोष्टी शोध:
- अपंगत्वाचे टक्के किती? निदान २० लागतात.
- आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला, असं लिहिलंय का?

बहुतेकांचं घोडं दुसऱ्यावर अडतं.

अपिलात देशसेवेवर पानभर लिहू नकोस, सगळेच लिहितात. सरळ लिही: भरतीच्या वेळी फिट होतो, कुठलाही आजार नोंदलेला नव्हता, बीपी अमुक पोस्टिंगवर अमुक महिन्यात पहिल्यांदा निघालं. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने हाच मुद्दा जवानाच्या बाजूने धरला. फक्त तू २१ सप्टेंबर २०२३ नंतर फौजेतून सुटून घरी आला असशील तर नियम नवे आहेत, आधी ते बघ.

अर्ज पाठवण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखव. थकबाकीत वाटा मागणाऱ्या एजंटाला कोऱ्या कागदावर सही देऊ नकोस, कितीही गोड बोलू दे.

दुसरं अपील, सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ, टक्क्यांचं राउंडिंग (टक्के वरच्या टप्प्यात धरणं), हे सगळं नंतर. सध्या अपील पाठवल्याची स्पीड पोस्टाची पावती फाईलला लाव.